शिडी शनिवारी

५ ऑक्टोबर, रविवार

गुनवोर सकाळच्या बसने एल्वेरुमला गेली. बहिणीकडे, आस्लाउगकडे. चार दिवसांसाठी, असा माझा अंदाज. तिचं म्हणणं जरा वेगळं आहे. म्हणाली, धुराडं साफ झाल्याशिवाय मी या घरात झोपायची नाही. रात्रभर खोकते, उशीला धुराचा वास येतो. मी म्हटलं, बर्चच्या लाकडाच्या धुराच्या वासासाठी शहरातले लोक पैसे मोजतात. ती म्हणाली, मग त्यांना वीक.

खरं तर काम जवळजवळ झालेलंच आहे. नगरपालिकेची धुराडी साफ करणारी तिरिल सप्टेंबरात येऊन गेली. छपराकडे बघितलं आणि परत फिरली. छपरावर पक्की शिडी नाही, तर मी वर चढणार नाही, नियम आहे, म्हणाली. जुनी शिडी कुजली होती, ती मीच काढली. नवी गेल्या वर्षीच आणली आहे. सरपणाच्या खोपटामागे प्लॅस्टिकमध्ये अगदी सुरक्षित आहे. फक्त लावायची राहिली आहे.

जूनमध्ये लावणारच होतो. गुनवोर हातमोजे घालून खाली उभीही राहिली होती, शिडीचं टोक धरायला. पण नेमका तेव्हाच माझ्या अर्ध्या रचलेल्या सरपणाच्या राशीवर असा काही उजेड पडला की फोटो काढणं भाग होतं. परत आलो तर ती आत गेलेली. बायकांना धीर नसतो.

निश्चय: शनिवारी शिडी.

बस वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा विशेष काही वाटलं नाही. जन्मभर मीच बस चालवली. बस जाण्याचं मला काय?

११ ऑक्टोबर, शनिवार

पाऊस. ओल्या छपरावर शहाणा माणूस चढत नाही. एवढी वर्षं बस चालवली, एक ओरखडा नाही. सुरक्षा म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये.

शेजारचा स्वेर्रे कुंपणाशी आला होता. म्हणाला, ओद्वार, शिडी आज लावणार होतास ना? म्हटलं, छप्पर ओलं आहे. म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं, तसं चढता येईना छप्पर ओलं. वर स्वतःच हसला. या माणसाच्या स्वतःच्या सरपणाला आकार म्हणून नाही. भिंतीला टेकवून नुसतं ढीगभर.

माझी रास गोल आहे. वर निमुळती होत जाते, सालीची बाजू बाहेर, एक लाकूड इकडेतिकडे नाही. रस्त्यावरून जाणारे गाडी हळू करून बघतात. स्वेर्रे म्हणतो, लाकूड सतरा मेच्या, राष्ट्रीय दिनाच्या, आत रचावं, म्हणजे उन्हाळाभर वाळतं, ऑगस्टात नव्हे. पण विचार करून रचायचं तर वेळ लागतोच. तोही मान्य करतो की दिसायला छान आहे. जाळताना मात्र ओला सदरा पिळल्यासारखं फसफसतं, म्हणे. असूया.

दुपारभर रास नीट केली. शिडी पुढच्या शनिवारी.

९ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी

छपरावर दहिवर गोठलंय. आता चढणं म्हणजे आत्महत्या. यात माझा दोष नाही, हवामानाचा आहे.

गुनवोर दर रविवारी फोन करते. आधी विचारते जेवलास का, मग विचारते शिडी लावलीस का. मी सांगितलं, काम सुरू आहे. ती म्हणाली, कुठपर्यंत आलं? म्हटलं, प्लॅनिंग संपत आलंय. ती म्हणाली, ओद्वार, त्या धुराड्यापेक्षा तूच जास्त तुंबला आहेस. पाठीमागे आस्लाउग हसली. त्या घरात स्पीकर चालू ठेवून बोलतात, हे मला पसंत नाही.

चार दिवसांचे महिन्यावर गेले. बहिणी-बहिणी म्हटल्यावर वेळेचं भान राहत नाही.

३० नोव्हेंबर

आमच्या घराण्यात हिवाळ्यात सकाळी काडी ओढत नाहीत. रात्री दोन जाड ओंडके घालायचे, हवेची झडप जवळजवळ बंद करायची, की विस्तव धुमसत राहतो. सकाळी झडप उघडली, फुंकर घातली, झाली शेगडी पुन्हा सुरू. बाबा म्हणायचे, ज्या घरात सकाळी काडी ओढावी लागते तिथे कुणी जागं नाही असं समजावं. यंदा पहिल्या थंडीला पेटवलेला विस्तव अजून तोच आहे. गुनवोर इथे असती तर तिला दाखवलं असतं.

शेगडीची काच मात्र सकाळी काळीकुट्ट असते. ओल्या वर्तमानपत्राला राख लावून घासली की निघते. आज घासायचा कंटाळा आला. काळ्या काचेतून उजेड मंद येतो, डोळ्यांना बरा.

७ डिसेंबर

शेगडीच्या नळीच्या सांध्यातून काळं, चिकट पाणी टपकतं. डांबरासारखा वास. त्याखाली गुनवोरचा कॉफीचा कप ठेवला आहे, निळ्या काठाचा. समस्या सुटली.

स्वेर्रेने कप बघितला आणि टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाला, हे डांबर वरपर्यंत भिंतीला बसलं असेल, ते पेटतं, बाबा! रात्री झडप बंद करू नकोस, थोडं जाळ पण लख्ख जाळ, आणि माझ्याकडचं कोरडं लाकूड ने. मी म्हटलं, तुझं लाकूड नेऊन माझी रास काय शोभेला ठेवू? तो म्हणाला, ती शोभेचीच आहे.

काही वाटलं नाही. हल्ली कुणाच्या बोलण्याचं फारसं काही वाटत नाही. वय वाढलं की माणूस पिकतो.

छताला लावलेला, धूर झाला की वाजणारा भोंगा सारखा ओरडत होता. फार नाजूक यंत्र. त्याची बॅटरी काढून रेडिओत घातली. आता दोन्ही नीट आहेत.

१८ डिसेंबर

गुनवोरचा फोन. म्हणाली, नाताळला इकडे ये. आस्लाउगने डुकराच्या बरगड्या आणल्या आहेत, तुला आवडतात तशा कुरकुरीत करू. मी म्हटलं, मग इथला विस्तव कोण बघणार? म्हणाली, ती शेगडी आहे का गाय आहे? म्हटलं, एक रात्र गेलो तर विझेल. ती म्हणाली, विझू दे ना रे. काडी ओढू.

मी म्हटलं, तूच ये.

ती म्हणाली, शिडी?

मी म्हटलं, छपरावर बर्फ आहे.

ती म्हणाली, बरं, मोजे तळाच्या खणात आहेत.

मोजे कुठे आहेत हे मी विचारलं नव्हतं.

२३ डिसेंबर

प्रथेप्रमाणे तांदळाची खीर केली. प्रथेप्रमाणे तीत एक सोललेला बदाम टाकला. ज्याच्या वाटीत बदाम येईल त्याला बदाम-साखरेच्या गोळ्याचं गुलाबी डुक्कर बक्षीस. डुक्कर मीच आणून ठेवलं होतं.

बदाम मला मिळाला.

डुक्कर खाल्लं नाही. खिडकीत ठेवलं आहे, गुनवोर आली की तिला देईन. दरवर्षी तिलाच मिळायचं. ती बदाम गालात लपवून ठेवायची आणि मी पातेलं खरवडून शोधत बसायचो.

खीर बरी झाली होती. थोडी धुरकट.

६ जानेवारी

कडाका. दाराची कडी हाताला चिकटते. लाकूड आणायला गेलो, बोटं बधिर झाली, शेगडीवर धरली तरी बराच वेळ कळेना की गरम लागतंय. बाकीचा मीही तसाच बधिर आहे, पण ते थंडीमुळेच असणार.

राख प्लॅस्टिकच्या बादलीत टाकली होती. बादलीला बूड राहिलं नाही. पायरीवर एक काळं वर्तुळ आहे, ते बर्फाने झाकलं. यापुढे राख लोखंडी पातेल्यात. चुकांतून शिकणारा माणूस मी.

कप भरला होता, ओतून आलो.

१७ जानेवारी, शनिवार, संध्याकाळी पाच

आज शेगडी काय सुरेख ओढते आहे! दिवसभर धुमसत होती म्हणून झडप सताड उघडली, वर राशीतली साल घातली, आणि काय सांगू. नळी गुरगुरते आहे. चढावर माझी बस गुरगुरायची तशीच, दुसऱ्या गिअरमध्ये. ज्यांनी ज्यांनी म्हणून दाखवलं की धुराडं तुंबलंय, त्यांनी येऊन ऐकावं. तुंबलेलं धुराडं असं ओढतं का? ते आपोआपच साफ झालं आहे. गुनवोरला आजच फोन करून

१८ जानेवारी, रविवार

कालचं वाक्य राहिलं, कारण स्वेर्रे आला. अनवाणी. बर्फातून. तो काय ओरडत होता ते सगळं लिहिण्यासारखं नाही. गाढवा, बाहेर ये, तुझ्या धुराड्यातून ज्वाळा निघतायत, एवढं लिहितो. त्याने आत येऊन आधी झडप बंद केली, मग मला दंडाला धरून बाहेर काढलं. मी पाण्याची बादली उचलली होती, ती हिसकावून घेतली. म्हणाला, पाणी ओतलंस तर धुराडं फुटेल, आता अग्निशामकवाले येतील तोवर काही करू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा मला काही न करण्याबद्दल कुणी शाबासकी दिली.

अग्निशामकवाले आले. त्यांनी लांब शिडी लावली, दोघे वर चढले, आत साखळी सोडून जळकी काजळी पाडली. खाली बादल्या भरून निघाली. मी अंगणात स्वेर्रेच्या बायकोच्या कोटात उभा होतो. माझ्या घराच्या डोक्यावर ठिणग्यांचं झाड उगवलं होतं आणि मी बघत होतो. भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. एवढंच मनात आलं की शिडी किती पटकन लावता येते.

घर शाबूत आहे.

२० जानेवारी

तिरिल आली. धुराड्याला माळ्यावर लांबच लांब तडा गेला आहे. आतून पोलादी नळी बसवेपर्यंत शेगडी पेटवायची नाही. मी म्हटलं, थोडा विस्तव? म्हणाली, काडीसुद्धा नाही. मग कपाकडे बघितलं, खिडकीतल्या डुकराकडे बघितलं, आणि विचारलं, घरी कुणी आहे का तुमच्याबरोबर? मी म्हटलं, बायको बहिणीकडे गेली आहे, चार दिवसांसाठी.

तिने भोंग्यात स्वतःजवळची नवी बॅटरी घालून दिली.

विजेचा हीटर लावला आहे. त्याला खायला घालावं लागत नाही, झोपताना त्याच्याकडे बघावं लागत नाही. काम करतो. सवयीने शेगडीसमोरच बसतो. गार लोखंडावर हात ठेवला तर तेही बधिर, हातही.

२५ जानेवारी, रविवार

गुनवोरला फोन मीच केला. स्वेर्रेने तिला आगीचं आधीच सांगितलं होतं. तिने विचारलं, भाजलास का? नाही. खोकतोस का? नाही. मग मी मुद्द्यावर आलो. म्हटलं, धुराडं साफ झालं. अगदी तळापासून टोकापर्यंत, तू म्हणाली होतीस तसं. आता कधी येतेस?

ती म्हणाली, शिडी लावलीस?

म्हटलं, अग्निशामकवाल्यांनी लावली.

म्हणाली, मग?

म्हटलं, मग काढून घेऊन गेले.

या वेळी मागे आस्लाउग हसली नाही. गुनवोर म्हणाली, ओद्वार, जूनमध्ये मी अर्धी दुपार ते टोक धरून उभी होते रे. आणि मग म्हणाली, ठेवते.

७ फेब्रुवारी, शनिवार

छप्पर कोरडं. ऊन. वारा नाही. कारण एकही सापडलं नाही.

खोपटामागचा बर्फ उपसून शिडी काढली. प्लॅस्टिक फाडलं. इतकी चकचकीत वस्तू आपल्याकडे आहे हे विसरायला झालं होतं. खांद्यावर घेतली, भिंतीला लावली, उभी केली. मी वर दोन पायऱ्या चढलो की खालचं टोक घसरतं. खाली उतरून ते दाबलं की वरचं टोक सरकतं. तीनदा केलं. चौथ्यांदा शिडी आडवी झाली आणि थेट माझ्या राशीवर पडली.

रास कोसळली. आत सगळं लाकूड ओलं होतं, पांढरी बुरशी आलेलं. बाहेरून कधी दिसलं नसतं.

स्वेर्रे कुंपणाशी होता. काही बोलला नाही. त्याच्याकडून एवढा अपमान कधी झाला नव्हता. मग म्हणाला, येऊ का धरायला? मी नको म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. नंतर अंगणात सांडलेल्या लाकडांवर बसलो, आणि तेव्हा वाटलं. इतके महिने वाटलं नाही ते सगळं एकदम वाटलं. गुनवोर हवी. चार दिवसांसाठी नको, कायमची हवी.

शिडी लावायला दोघं लागतात. एकाने नुसतं खाली उभं राहून धरायचं असतं. एवढंच काम. ते ती करत होती.

संध्याकाळी गुलाबी डुक्कर खाल्लं. कडक झालं होतं.