हरवलेला वजनकाटा

२२ डिसेंबर

नाही सांगणार!

आत हिच्या पायाचं प्लास्टर कापत होते, करवतीची घरघर बाहेरपर्यंत. तेवढ्यात डॉक्टर कॉरिडॉरमध्ये भेटले. चालता चालताच म्हणाले, “घरात फिरतील, बाजारात जातील. पण बस चालवणं? ते आता विसरा. ब्रेकवर तेवढा जोर यायचा नाही.” माझा खांदा थोपटला आणि पुढच्या पेशंटकडे.

अर्धं आयुष्य कोर्टाच्या आणि नगरपालिकेच्या बातम्या देण्यात गेलं. एका सूत्राच्या भरवशावर आम्ही बातमी छापत नाही. दुसरं सूत्र मिळेपर्यंत ही बातमी या घरात प्रसिद्ध होणार नाही. संपादक मी!

टॅक्सीत हिनं विचारलं, “काय म्हणाले?”

“पायावर हळूहळू भार द्यायचा. दुखलं की थांबायचं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

ती बाहेर बघत राहिली. टॅक्सीवाल्यानं गिअर उशिरा टाकला, तसं मात्र न चुकता “च्च” केलं.

२३ डिसेंबर

ताई आज मुलीकडे गेली, नाताळच्या सुट्टीसाठी. ही पडल्यापासून माझ्या या थोरल्या बहिणीनंच घर ओढलं. आता माझी रजा, आणि माझी पाळी. दारात उभं राहून सूचना चालूच — “तिला उठू देऊ नकोस. कपडे वेगळे भिजव. आणि हे बघ, पन्नाशीच्या बाईनं एवढं मोठं धूड चालवायचं वेड आता पुरे झालं. तूच सांग तिला.”

“बॅग जड आहे का गं?” मी विचारलं.

“विषय बदलू नकोस.”

मी बॅग उचलून थेट खाली नेली. विषय आपोआप बदलला.

हिनं सगळी हयात बस चालवली, गाडीला साधा ओरखडा नाही. पडली ती घरातल्या स्टुलावरून, बल्ब बदलताना. घोट्यात आता धातूची पट्टी आणि स्क्रू. बल्ब मात्र नीट बसला होता. अजून जळतोय, निर्लज्ज!

हिच्या उशाशी स्टीलचा ग्लास आणि चमचा ठेवलाय. नियम बसमधलेच. एक टोला — थांबा, म्हणजे हातातलं काम टाकून मी हजर व्हायचं. दोन टोले — चला, म्हणजे मी खोलीतून निघायचं. पहिल्या दिवसाचा अनुभव: डबल बेल जास्त वाजते.

हॉस्पिटलनं दिलेल्या वॉकरचं मी नामकरण केलं — चतुष्पाद. ही म्हणाली, “पंडित, त्याला नाव ठेवण्यापेक्षा त्याचा स्क्रू आवळा. डावा मागचा पाय लटपटतोय.” खरंच लटपटत होता. गाडी काढण्याआधी चारही चाकं तपासायची सवय, वॉकरलाही सुटका नाही.

२४ डिसेंबर

डेपोचे साहेब घरी आले. केक घेऊन, टोपी हातात धरून. हे साहेब एके काळी हिच्याच बसवर कंडक्टर होते. आता मिशा पांढऱ्या झाल्यात आणि आवाज मऊ झालाय. मऊ आवाजाच्या माणसांची मला धंद्यामुळे भीती वाटते.

“बाई, पासाची खिडकी रिकामी होतेय. बसून काम. वेळेवर घरी.”

“खिडकीतून काय दिसतं?”

“म्हणजे?”

“समोर काय असतं, साहेब?”

त्यांनी थोडा विचार केला. “रांग,” म्हणाले.

मग खरं ते बोलले. दोन तारखेला फोन करणार. खिडकी हवी असेल तर हो म्हणायचं. नको असेल तर पायाची परीक्षा, ब्रेक दाबून दाखवायचा. नापास झाली तर बस नाही, आणि तोवर खिडकीही दुसऱ्या कुणाला गेलेली असेल. “माझ्या हातात नाही हो,” हे तीनदा म्हणाले. हात मात्र सगळा वेळ टोपीची कड कुरवाळत होते.

ते गेल्यावर मी म्हटलं, “खिडकी गेली खड्ड्यात!”

ही म्हणाली, “तुम्हाला काय जातंय बोलायला? पाय माझा आहे.”

बरोबर आहे. मत मात्र बदललेलं नाही.

२५ डिसेंबर

सगळं बंद. पाय हलवून घेणाऱ्या बाईही नवीन वर्षापर्यंत रजेवर. पायांनाही नाताळची सुट्टी असते असा त्यांचा समज दिसतो.

हिचे केस धुतले. ही खुर्चीत, मान मागे बेसिनवर, मी तांब्या घेऊन. कानात पाणी गेलं, मग शाम्पू डोळ्यात. “तुमच्याकडून बस धुवून घेतली असती तर काचा फुटल्या असत्या.” तरी डोळे मिटून पडून राहिली, आणि शेवटी शेवटी बोलायचीही थांबली. ओल्या केसांचं डोकं तळहातावर किती जड लागतं!

संस्कृतात दोघांसाठी वेगळं वचन आहे. एकाचंही नाही, अनेकांचंही नाही, फक्त दोघांचं. मराठीनं ते कधीच टाकून दिलं, अडगळ म्हणून. आज बेसिनपाशी मला ते फार आठवलं.

(हे तिला सांगितलं. टिंग टिंग.)

२६ डिसेंबर

केक बहुतेक मीच संपवला. प्रायश्चित्त म्हणून वजन करायला गेलो तर बाथरूममधला वजनकाटा गायब! तो जुना, गोल तबकडीचा, काटा थरथरणारा. सगळीकडे शोधला. घरात दोन माणसं, त्यातलं एक चतुष्पादावर. म्हणजे संशयित एकच. ताईला फोन लावला.

“ताई, वजनकाटा तू नेलास का?”

“मी? तुझा काटा? अरे, माझ्या लेकीकडे काय काटे नाहीत?”

“नाही, माझ्या पोटावर तुझा डोळा असतो म्हणून—”

“तुझ्या पोटावर डोळा ठेवायला एक माणूस पुरत नाही!” फोन बंद.

आतून हसण्याचा आवाज. पडल्यापासून पहिल्यांदा इतकी हसली. बरं वाटलं. थोडा रागही आला.

२७ डिसेंबर

हिनं नेलपेंट मागितली. लाल! आमच्या लग्नात लावली होती, त्यानंतर आजच. माणसाला बरं वाटायला लागल्याची याहून चांगली खूण कुठली?

२८ डिसेंबर

नखं मात्र कोरीच. “वाळतेय,” म्हणाली. काय वाळतंय?

दुपारी मी भांडी घासतो (माझ्याकडून भांडी घासली जातात — कर्मणि प्रयोग, कर्त्याचा उत्साह लक्षात घेता हाच योग्य), तेव्हा तिच्या खोलीतून ‘कर्र-टक्’ असं काहीतरी ऐकू येतं. विचारलं तर, “खिडकीचं दार.” आज वारा नव्हता. कोर्टात असले साक्षीदार मी पुष्कळ पाहिलेत, पण सुट्टीवर आहे म्हणून उलटतपासणी घेतली नाही.

ताईचा फोन, अजून फुरंगटलेली. “सांगितलंस का तिला? खिडकी घे म्हणावं.” म्हटलं, “ती घेणार नाही आणि मी सांगणार नाही. जेवलीस का?”

३० डिसेंबर

दुपारी ‘कर्र-टक्’ आणि पाठोपाठ ग्लास पडल्याचा आवाज. ओल्या हातांनी धावलो. दार उघडलं. वजनकाटा फरशीवरून घसरत आला आणि माझ्या पायाला लागून थांबला.

ही पलंगाच्या कडेला बसलेली. उजवा पाय अजून पुढे ताणलेला, कपाळावर घाम. काटा उभा करून कपाटाला टेकवत होती आणि टाचेनं दाबत होती, तो निसटला. चतुष्पादाला लटकवलेल्या पिशवीत घालून बाथरूममधून पळवला होता! तबकडीवर एक लाल ठिपका, वाळलेला. नव्या ड्रायव्हरांना शिकवणारी हीच. ब्रेकला किती जोर लागतो हे तिला कुणी सांगायची गरज नाही.

“सापडला तुमचा काटा,” म्हणाली. “ताईंना फोन करा आणि माफी मागा.”

“अगं, पण डॉक्टर...” मी जीभ चावली.

“ब्रेकवर जोर यायचा नाही. माहितेय. मला आधी सांगितलं त्यांनी. मीच म्हटलं, यांच्या कानावर घालू नका, यांना जेवण जाणार नाही.”

“मला जेवण जातंय!”

“ते दिसलं. केक कुठाय?”

आठ दिवस आम्ही दोघं एकच बातमी एकमेकांपासून दाबून बसलो होतो. आणि सूत्रही एकच निघालं. त्यानं दोघांना सांगितलं म्हणून दोन होत नाहीत.

“ठिपक्यापर्यंत जातो का?” मी विचारलं.

“नाही अजून.” मग जरा थांबून, “कपाट गुळगुळीत आहे हो. काटा टिकत नाही.”

१ जानेवारी

पलंगापासून भिंत लांब पडते, म्हणून भिंत मी झालो. जमिनीवर मांडी घालून, काटा पोटाशी धरून. ही म्हणाली, “पोट मऊ आहे, आकडा खोटा येतो. पाठ करा.” पाठ केली. लग्नाला इतकी वर्षं झाली, आज अधिकृतपणे लाथ बसली.

पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा नाही. “दुखतंय?” “गप्प बसा.” “दुखलं की थांबायचं...” “ते दुखणं वेगळं. हे माझं आहे.”

मग बराच वेळ काही नाही. नुसता श्वास. आणि एकदम मी फरशीवर वीतभर पुढे सरकलो, मांडीसकट.

“ठिपका?” मी विचारलं. मला दिसत नव्हतं.

वळून पाहिलं तर ती काट्याकडे बघतच नव्हती. माझ्या आणि पलंगाच्या मधल्या रिकाम्या फरशीकडे बघत होती.

२ जानेवारी

साहेबांचा फोन. मी स्पीकरवर टाकला. “मग बाई, काय ठरलं? खिडकी ना?”

हिनं चमचा उचलला. टिंग टिंग.

आणि पलीकडून साहेब नव्हे, कंडक्टर ओरडला — “चलाऽऽ!”