मामांना खुर्चीतून काढताना

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा दंडवत. तुमचे गुडघे, मामींची दाढ आणि कारखान्यातली मांजर, तिघांचं कसं काय चाललंय? (मांजरीची चौकशी उगाच नाही, ती चार फोटोंत आहे.) इकडे आम्ही मजेत. म्हणजे मी मजेत, तुमची भाचेसूनही मजेत, फक्त ती गेले तीन दिवस माझ्याशी बोलत नाही. त्याचं कारण पुढे येईल. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही माझं पहिलं वाक्य ऐकता आणि "घे, हिच्याशी बोल" म्हणून मामींच्या हातात देता.

विषय खुर्च्यांचा आहे. त्या मोठ्या शोरूमच्या बाई तुमच्या नऊ खुर्च्या त्यांच्या वेबसाइटवर ठेवायला कशाबशा तयार झाल्या. त्यांची अट एवढीच, की फोटो शनिवारपर्यंत यावेत, मागे स्वच्छ पांढरं असावं आणि फोटोत विकायच्या वस्तूशिवाय काडीही दिसू नये. त्यावर तुम्ही तुमची अट सांगितलीत, की हेही जमलं नाही तर कारखाना कायमचा बंद. पाच महिन्यांत एक खुर्ची खपलेली नाही, आणि तुम्ही एकदा बोललात की बोललात, हे आजोळी सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा फोटोंचं काम मी अंगावर घेतलं. दिवसभर मी करतो तरी काय? चपला, कढया, पिशव्या यांच्या फोटोंमागच्या भिंती कॉम्प्युटरवर पुसतो. (तुम्ही पाहुण्यांना "आमचा भाचा भिंती पुसतो" असं सांगता, तेव्हा लोक वेगळंच काही समजतात, पण ते असो.) चपलेमागची भिंत पुसणाऱ्याला खुर्चीमागची जड जाऊ नये, असा माझा अंदाज.

फोटो आले आणि मी डोक्याला हात लावला. नऊच्या नऊ खुर्च्यांवर तुम्ही बसलेले! मामींकडून खुलासा मिळाला, की रिकामी खुर्ची दाखवली तर ती बसायला कशी आहे हे लोकांना कळणार कसं, असं तुमचं म्हणणं. पटलं. (तुमचं म्हणणं पटलं नाही असं आपल्याकडे आजवर कोण म्हणालंय?) पुन्हा रिकाम्या खुर्च्यांचे फोटो काढा म्हटलं, तर तुम्ही मामींमार्फत कळवलंत, की मला काढायचं असेल तर मग खुर्ची तरी कशाला ठेवतोस. झालं. बसलो पुसायला. भिंतीवरचं कॅलेंडर, सरसाचा डबा, दोरीवरची मामींची चादर, मांजर, सगळं दहा मिनिटांत गेलं. वेताच्या खुर्चीने मात्र नाकी नऊ आणले. तिच्या जाळीतल्या प्रत्येक भोकातून मागची भिंत डोकावते, ती भोकं एकेक करून साफ करावी लागतात. एकशे चाळीसपर्यंत मोजली, मग मोजणं सोडलं. शेवटी राहिलात तुम्ही. तुम्हाला पुसलं, तर मागे खुर्चीच नाही! असणार, पण तुमच्या पाठीआड गेल्यामुळे कॅमेऱ्याला ती दिसलेलीच नाही. खाली चार पाय, बाजूला दोन हात आणि मधोमध तुमच्या मापाचं भोक. ते भरायचं म्हणजे खुर्चीची पाठ आपल्या मनाने काढायची. मी तीन उभ्या पट्ट्या काढल्या. तुमची भाचेसून म्हणाली, टॉवेल वाळत घालायला छान आहे.

मामा, तेव्हा मला खरंच लाज वाटली. या खुर्च्यांत मी लहानाचा मोठा झालो, त्यांच्यावर झोपलो, एकीवरून पडून दात पाडून घेतला, आणि त्यांची पाठ कशी आहे हे मला आठवेना. तुम्ही ती किती वेळ घासत बसायचात ते आठवतं, तुमचा तोंडातल्या तोंडात चाललेला शिव्यांचा जप आठवतो, पण पाठ नाही आठवत. तुम्हाला पुसल्यावर जे भोक पडतं ते भरणं मला येत नाही, एवढं त्या दिवशी कळलं.

अशा रीतीने शनिवारची दुपार उजाडली. (दुपार उजाडत नाही हे ठाऊक आहे, पण मी तेव्हाच उठलो होतो.) आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक नवं बटण आलंय. ते दाबलं की फोटोतली मुख्य वस्तू कोणती हे ते स्वतःच ठरवतं आणि बाकीचं काढून टाकतं. शहाण्याने असल्या बटणाच्या वाटेला जाऊ नये. मी नऊ मूळ फोटो एकदम त्यात घातले, बटण दाबलं आणि जेवायला गेलो. परत येतो तो 'काम पूर्ण' अशी पाटी. पाठवण्याआधी एकदा बघून घ्या, असं तुमची भाचेसून म्हणाली, आणि तुला यातलं काय कळतं, असं मी म्हणालो. (हेच ते कारण.) आणि न बघता पाठवून दिले.

मामा, त्या सॉफ्टवेअरने तुम्हाला उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, पण जिथे तुम्ही आहात तिथे मुख्य वस्तू तुम्हीच, हे त्याने बरोबर ओळखलं. खुर्च्या त्याने काढून टाकल्या. शोरूमच्या बाईंना पांढऱ्याशुभ्र जागेवर नऊ मामा मिळाले. अधांतरी बसलेले, पाठ टेकलेली, पाय सैल सोडलेले. नवव्यात तर तुम्ही हवेवर मान टाकून चक्क झोपला आहात.

हे मला कळलं ते पाठवून झाल्यावर फोटो उघडले तेव्हा. बाईंचं उत्तर आलं, की पार्श्वभूमी समाधानकारक, मात्र क्रमांक सातच्या शर्टाचं दुसरं बटण तुटलेलं आहे, सदोष माल घेतला जात नाही. ही थट्टा आहे की बाई तशाच आहेत, हे अजून कळलेलं नाही. मग त्यांचा फोन आला. आता खरडपट्टी, म्हणून मी उभा राहूनच घेतला. तर त्यांनी विचारलं, हे गृहस्थ बसलेत कशावर? म्हटलं, स्वतः केलेल्या खुर्च्यांवर, त्या चुकून पुसल्या गेल्या. बाई म्हणाल्या, "वीस वर्षं खुर्च्या विकतेय, पण इतकं निवांत बसलेलं माणूस नाही हो पाहिलं. माझी स्वतःची पाठ दुपारपासून ठणकायला लागते." त्यांनी मूळ फोटो मागून घेतले, मांजर, कॅलेंडर, सरसाच्या डब्यासकट. आता वेबसाइटवर तेच लागणार आहेत. पुसायचं काही नाही.

मामींना नमस्कार, मांजरीला शाबासकी.

तुमचा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. आज्ञाधारक या शब्दाबद्दल थोडं. बाईंनी पंचवीस खुर्च्यांची ऑर्डर दिली आणि मी तुम्हाला न विचारता हो म्हणालो. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, पण मग तुम्ही 'न विचारता' एवढंच धरून बसला असता. तेव्हा कृपा करून उद्यापासून कामाला लागा. पहिली खुर्ची बाईंच्या स्वतःच्या पाठीसाठी हवी आहे.

ता. क. दुसरा. फोटो काढून झाल्यावर त्याच संध्याकाळी तुम्ही सगळी हत्यारं मामींच्या हवाली केलीत आणि ज्याला हवी त्याला वाटून टाक म्हणालात, हे मला कळलं आहे. मामींनी ती वाटून टाकली असं तुम्हाला सांगितलं, ते साफ खोटं आहे. हे तुमच्या कानावर घालू नकोस असं त्यांनी बजावल्यामुळे लेखी कळवतो. रंधा, पटाश्या, करवती, सगळं तेलाच्या फडक्यांत गुंडाळून तुमच्याच पलंगाखाली आहे. गेला आठवडाभर तुम्ही त्यांच्यावरच झोपताय.