मांड्यांची शास्त्रशुद्ध पद्धत

१२ एप्रिल, सकाळी ६.१०
आजपासून सवयीने काहीही करायचं नाही. जे करायचं ते ठरवून. पंचवीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतोय आणि दात कोणत्या बाजूने घासायला लागतो हे आज कळलं. डावीकडून. लाज वाटली.

१२ एप्रिल, दुपार
मोटरसायकलचे गिअर विचार करून टाकले. शहाद्याच्या चौकात बंद पडली. मागे उसाची ट्रॉली. ड्रायव्हर जे बोलला ते निव्वळ सवयीने बोलला, त्यात विचार नव्हता.

१५ एप्रिल
आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भूमिका माहेरी येतेय. लग्नानंतरची पहिलीच. सणाच्या दिवशी जावई भाग्येशरावही जेवायला. लेकीने सासरी सांगून ठेवलंय की माझ्या आईसारखे मांडे कुणाचे नाहीत.
खरंय ते. रूपा पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत एवढी वाढवते की आरपार दिसावं, आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकते. कसं करतेस, असं बायकोला आज प्रथमच विचारलं.
"मन्हा हातस्ले माहीत शे, मले नही."
हातांना माहीत आणि हिला नाही, हे काय उत्तर झालं? सांगता येत नाही ते ज्ञान कसलं? पद्धत मी लिहून काढणार. भूमिकालाही उपयोगी पडेल.

१८ एप्रिल
सराव क्र. १. मोबाइलवर शूटिंग. आधी कोणती बोटं? मनगट फिरतं की कोपर? रूपा स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. मांडा फाटला. पीठ सैल होतं.

२२ एप्रिल
सात पायऱ्यांचा तक्ता तयार. प्रिंट काढून चुलीमागच्या भिंतीला चिकटवला. चौथ्या पायरीला रूपाने चष्मा मागितला. चार मांडे, चारही फाटले. पण आता कोणत्या पायरीला फाटतात ते कळतं. प्रगती आहे.

२५ एप्रिल
शेजारच्या कौसाबाई सांगून गेल्या की तीस वर्षांत रूपाचा मांडा फाटलेला पाहिला नव्हता. लोकांना बदल नको असतो.
रूपा आज साधी पोळी लाटतानाही अडखळली. जेवली नाही. जावयासमोर लेकीचा शब्द खाली पडेल म्हणाली. शिकताना आधी सगळं मोडतं, असं मी समजावलं. तिने विचारलं, शिकतंय कोण? प्रश्न चांगला होता. उत्तर उद्या देतो म्हटलं.

२६ एप्रिल
उत्तर राहिलं. पेपर तपासायचे होते.

२८ एप्रिल
भूमिका आली. तक्ता वाचला आणि चुलीत घातला. पीडीएफ आहे माझ्याकडे.

२९ एप्रिल
स्वतः करून पाहिला. पायऱ्या तोंडपाठ. मांडा खांद्यावर पडला. थिअरी पक्की आहे, हात नवे आहेत एवढंच.

३० एप्रिल, आखाजी, ११.३०
भाग्येशराव ओसरीवर. खापर तापलं. मी चुलीजवळ नुसता उभा होतो, एक शब्द बोललो नाही. रूपाने पोळी हातांवर घेतली, माझ्याकडे पाहिलं, फाटली. दुसरीही फाटली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. धूर असावा.
भूमिकाने मला अंगणात आणलं आणि हळूच म्हणाली,
"पप्पा, तुम्ही जरा बाहेरच थांबा ना. तुमले दखीसन आईना हात थांबी जातस."
मला बघून तिचे हात थांबतात. धूर नव्हता.

३० एप्रिल, दुपारी २
निंबाखाली बसून होतो. वाईट वाटलं, फार. आत कौसाबाई कुणाच्या तरी सुनेबद्दल सांगत होत्या, रूपा मध्येच हसत होती. आठ दिवसांत प्रथमच.
मग जेवायला हाक आली. भाग्येशरावांचा तिसरा मांडा चालला होता. रूपाने माझ्या ताटात वाढला. पातळ, गोल, कुठे भोक नाही. वर आमरस.
"खा आते. काही इचारू नका."
मी काही विचारलं नाही. ठरवून गप्प बसलो, असं लिहिणार होतो. खरं म्हणजे तोंड भरलेलं होतं.