मी गरवायला जाते

अब्बा, मी शनिवारी सकाळी खाडीवर मासे गरवायला जाते. परवानगी मागत नाहीये, सांगतेय. सरकारी परवाना मोबाइलवर काढलाय. गरी, शिसं, तंगुसाची दोरी सगळं माझ्या पर्समध्ये मावतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की रागवायला तुम्ही नाही आहात, पण तुमचा आवाज काही गेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

दुबईतल्या अल मनखूलच्या आपल्या घरातलं ते स्वयंपाकघर आठवतं का तुम्हाला? दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला बाहेर थांबावं लागायचं. आठवडाभर तुम्ही देऱ्याच्या दुकानात जहाजवाल्यांना दोरखंड आणि रंग विकायचात, आणि शुक्रवारी जुम्याच्या नमाजाआधी भाईला घेऊन गरवायला निघायचात. मी कणकेत हळद आणि सोड्यांची पूड घालून आमिष मळतेय. तुम्ही दाराशी उभे. "घट्ट मळ, पाण्यात विरघळता कामा नये." मी घट्ट मळते. भाई तोंड पाडून चपला घालतो, त्याला त्या वासानेच मळमळतं, शर्टाखाली कॉमिक लपवलेलं असतं. मासा कुठल्या कणकेला तोंड लावतो ते मला ठाऊक, आणि पाण्याकाठी जाणार तो! मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "पोरीच्या जातीचं धक्क्यावर काय काम?" आणि अम्मी माझ्या हातात लाटणं द्यायची.

बारा वर्षांची असताना एका शुक्रवारी मी तुमच्या मागोमाग निघाले. अब्रा, म्हणजे खाडी ओलांडायची ती लाकडी होडी, सुटायच्या बेतात होती. भाई चढला होता. मी फळीवर पाय ठेवला आणि तुम्ही मागे वळलात. "घरी जा." सगळ्या होडीसमोर. मी म्हटलं, मला पण यायचंय. "तिथे खलाशी असतात, शिवीगाळ असते. घरी जा." "तुम्हीपण दुकानाआधी खलाशीच होतात ना?" हे तोंडातून कसं निघालं, मला अजून कळत नाही. होडीतलं कुणीतरी हसलं. तुम्ही हात उगारला नाहीत. दुपारी परत आलात, पिशवीतली बोय मासळी माझ्यासमोर ओट्यावर ठेवलीत आणि म्हणालात, "कर साफ." त्या आठवड्यात माझ्याशी एवढंच बोललात. मी साफ केली. खवले केसांत अडकले, तरी डोळ्यांतून पाणी काढलं नाही. ते तुम्हाला दिसलं असेल, अशी माझी समजूत आहे.

मग माझं इथेच लग्न झालं, तुमचा व्हिसा संपला, तुम्ही रत्नागिरीला गेलात आणि तिकडेच मातीत गेलात. भाई कॅनडात आहे, काटे काढलेले मासे पाकिटातून आणतो. माझे यजमान गेल्यापासून मी मुलाकडे डिस्कव्हरी गार्डन्सला असते. तो इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका फॅक्टरीत अकाउंट्स बघतो. चांगला आहे पोरगा. गावाकडून पाहुणे आले की त्यांना गाडीत घालून उंच टॉवर दाखवतो, कारंजं दाखवतो, मॉलमधली माशांची काच दाखवतो. मागच्या हिवाळ्यात एका पाहुणीने विचारलं, "दुबईत आणखी काय बघण्यासारखं?" तो म्हणाला, "बस, खलास, एवढंच." मी काचेसमोर उभी होते. आत एक भलामोठा हमूर तोंड उघडून माझ्याकडे बघत होता. इतकी वर्षं ज्या खाडीच्या काठावर काढली, तिच्यात मी बोटसुद्धा बुडवलेलं नाही, हे मला तिथे कळलं. आणि असा राग आला, अब्बा! मुलाचा नाही. तुमचा.

आमच्या खालच्या मजल्यावर नाशिकची एक बाई राहते, तिच्या नवऱ्याचा केटरिंगचा धंदा आहे. तिला म्हटलं, गरवायला येतेस? ती म्हणाली, "मी मासे खात नाही, पण येते." मेट्रो बदलून आम्ही खाडीच्या वरच्या अंगाला गेलो, जिथे गरवायला मुभा आहे. तिथे पर्यटक नसतात. पहाटेचं राखाडी पाणी असतं, हिवाळ्यात लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ असते, आणि सुट्टीची सकाळ काढायला आलेली कामगार माणसं असतात. आम्हाला बघून त्यांतले दोघे सरकले आणि आपली बादली मला बसायला उलटी करून दिली. शिवी एकानेही दिली नाही. पहिल्या दिवशी मी स्वतःचीच ओढणी गरीला लावून घेतली. दुसऱ्या खेपेला बोय लागली. माझ्या कणकेला लागली! मेट्रोत मासे न्यायला बंदी, म्हणून ती शेजारच्या माणसाला देऊन टाकली. तो म्हणाला, "शुक्रिया खाला, आप तो उस्ताद निकली." घरी येईपर्यंत मी हसत होते.

मुलाला कळलंच. त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी मला पाहिलं होतं. जेवताना म्हणाला, "मम्मी, सीरियसली, बादलीवर बसली होतीस? लोकांना काय वाटेल? मासे हवेत तर मार्केटमधून आणतो ना, हवे तेवढे."

"मासे नकोत मला. गरवायचंय."

"तिथे सगळे पुरुष असतात."

नात मध्येच म्हणाली, "दादी, डिड यू कॅच अ शार्क?" मी मुलाला म्हटलं, "तुझे आजोबा हेच म्हणायचे. तेव्हा मी बारा वर्षांची होते, म्हणून घरी परत गेले. आता नाही जाणार."

पुढच्या शनिवारी तो मला न्यायलाच खाडीवर आला. ऑफिसचे चकचकीत बूट घालून पाठीशी उभा राहिला. "मम्मी, यल्ला, चल. गाडी चुकीच्या जागी लावलीय." मी म्हटलं, मग नीट लाव, मला वेळ आहे. नाशिकवाली पाण्याकडे बघत राहिली, पण तिचे खांदे हसत होते. तो गेला, गाडी लावून आला, तासभर उन्हात घाम पुसत उभा राहिला. मी उठले नाही. शेवटी दोन पालू मासे घेऊनच निघाले, आणि ते त्याच्या गाडीच्या डिकीतून घरी आले. वास जात नाही म्हणून त्याने आठवडाभर कुरकुर केली. पण आता शनिवारी तोच आम्हाला सोडतो. खाली उतरत नाही, काच खाली करून "नऊला येतो" एवढंच म्हणतो. आमच्या बिल्डिंगमधल्या आणखी दोघी यायला लागल्यात. त्यांना कणीक मळायला मी शिकवते.

तुम्ही वाईट नव्हतात, हे मला माहीत आहे. पण माझ्यापुरतं चुकलात, आणि ते मी तुम्हाला माफ केलंय असं खोटं लिहिणार नाही. हे मोबाइलवर लिहितेय. पाठवायला नंबर नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळू द्यायची नाहीये. गेल्या शनिवारी काहीतरी मोठं लागलं. दोरी बोटात रुतली, रक्त आलं, मी बादलीवरून अर्धी उठले, आणि तोंडातून जोरात हाक निघाली, "अब्बा!" नाशिकवालीने विचारलं, कुणाला बोलावतेस? म्हटलं, कुणाला नाही. मासा मीच ओढला.