भावोजींच्या घड्याळाचं टेस्टिंग

९ नोव्हेंबर, रविवार
ताईचा साखरपुडा ठरला. तीस तारीख, डोंबिवलीत हॉल. मुलाला अंगठी आणि घड्याळ द्यायचं. अंगठी आई बघणार. घड्याळाचं नाव निघालं तर बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, ते सुदेश आणेल, त्याला त्यातलं कळतं. शालन आत्या म्हणाली, त्याला वेळ कळत नाही, घड्याळ काय कळणार! बाबांनी ऐकलं नाही. पैसे माझ्या हातात दिले. कॉलेज सुटल्यापासून या घरात दळण आणि सिलेंडर सोडून माझ्यावर कोणी काही सोपवलेलं नाही. हे नीट केलं की मी माणसात.
आणि घड्याळातलं मला खरंच कळतं. माझं व्हिडिओ चॅनेल आहे. विषय एकच, लक्झरी स्टील स्पोर्ट्स वॉच. अजून एकही हातात घेतलेलं नाही. पण फोटो झूम केला की सगळं कळतं.
ठराव: उद्याच आणायचं.

१० नोव्हेंबर
ठाण्याला गेलेलो. आधी मोठ्या शोरूममध्ये शिरलो, अभ्यास म्हणून. काचेत एक स्विस. काचेभोवतीची कडा, म्हणजे बेझल, आठकोनी; स्टीलचा पट्टा, म्हणजे ब्रेसलेट, घड्याळातूनच उगवल्यासारखं. सेल्समन म्हणाला, सर, हे फक्त डिस्प्लेला, वेटिंग लिस्ट आहे. किंमत तेवीस लाख. वर रांग! सोनं नाही, हिरा नाही, स्टील. ज्याची आपण ताटं-वाट्या घेतो. रांगच लावायची तर रेशनचं दुकान काय वाईट? पण कडा अशा घासल्यात की लाइट पडला आणि माझ्या घशाला कोरड पडली. त्यांनी पाणी दिलं.
मग मिसळ. मग तलावपाळीला जरा बसलो. जरा जास्तच.

१६ नोव्हेंबर
बाबांनी विचारलं, आणलंस का. रिसर्च चालू आहे म्हटलं. म्हणाले, घड्याळ आणायला सांगितलंय, शोध लावायला नाही. मी त्यांना आठकोनीचा फोटो दाखवला. म्हणाले, स्क्रू बाहेर का ठेवलेत रे, झाकायला पैसे उरले नाहीत?
जन्म वागळे इस्टेटच्या कारखान्यात गेला त्यांचा. डिझाइन त्यांना कळणार नाही.

१८ नोव्हेंबर
घेतलं! कल्याणला. निळी डायल, स्टील, ब्रेसलेट इंटिग्रेटेड. लांबून थेट तेवीस लाखांचं. बाबांच्या बजेटमध्ये. बॉक्स कपाटात, आईच्या साड्यांखाली.
दुपारी एकदा हातात घातलं. द्यायच्या आधी तपासायला नको? नाक्यापर्यंत जाऊन आलो. आल्यावर मात्र बरं वाटेना. नैवेद्याच्या ताटातला लाडू आधीच खाल्ल्यासारखं.
ठराव: आता थेट तीस तारखेला बॉक्स उघडायचा.

१९ नोव्हेंबर
परत घातलं. काल टेस्टिंग अर्धवट झालेलं. फुल शर्ट घातला, बाही खाली ओढली. आई म्हणाली, एवढ्या उकाड्यात? थंडी वाजतेय म्हटलं. तिने कपाळाला हात लावून बघितला आणि काढा करून आणला. गपचूप प्यायलो. सगळा. बाहीत घड्याळ टिकटिकत होतं. आईच्या हातात कप होता. मान वर होईना.
वॉटर रेझिस्टन्स टेस्ट: आम्ही राहतो त्या दिवा गावात आज नळाला पाणी नाही. पुढे ढकलली.

२१ नोव्हेंबर
कमेंटमध्ये टोमणे मारतात, भाई घड्याळ दाखव, वॉलपेपर नको. आता खरं घड्याळ घरात आहे आणि ते मी साड्यांखाली ठेवायचं? व्हिडिओ केला.
रिव्ह्यू प्रामाणिक पाहिजे, चॅनेलचा पाया तोच. फिनिशिंग मऊ, कडा बोथट, पट्ट्याची कडी, म्हणजे क्लास्प, पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. दहापैकी चार. बोलता बोलता एक वाक्य सुचलं: हे घड्याळ म्हणजे सासरच्यांनी काढलेली जावयाची समजूत. सुचलेलं वाक्य परत आत ढकलता येत नाही. एडिटिंगमध्ये काढता आलं असतं, पण बॅटरी कमी होती.
घरचं कोणी चॅनेल बघत नाही. तरी ताई समोर आली तेव्हा मी चार्जर शोधायला लागलो. तिने विचारलं, घड्याळ छान आहे ना रे? एक नंबर, म्हटलं.

२४ नोव्हेंबर
व्हिडिओ पळाला! हजारच्या वर व्ह्यूज. सगळे तेच समजूतवालं वाक्य परत परत टाकून हसतायत. मीपण हसलो, मग जेवण गेलं नाही. ताईच्या सासरचं कोणी बघितलं तर?
ठराव: दोन हजार झाले की डिलीट.
क्लास्पला चरा पडलाय. टूथपेस्टने घासला. चरा तसाच, घड्याळाला मिंटचा वास. काचेवरची फिल्म मी काढून टाकलेली, ती मोबाईलवाल्याकडून नवीन लावून घेतली. साखरपुड्यासाठी आहे म्हटलं, तर तो म्हणाला, घड्याळाला स्क्रीनगार्ड? भाई, लग्न तुझं आहे की घड्याळाचं?

२७ नोव्हेंबर
तीन हजार. दोन कधी होऊन गेले कळलंच नाही. आता पाचला बघू.

३० नोव्हेंबर, साखरपुडा
बाबा हॉलभर सांगत फिरत होते, घड्याळ आमच्या सुदेशने निवडलं. इस्त्रीचा शर्ट, मागे हात बांधलेले. मी त्यांच्यासमोरून तीनदा वाट बदलली.
विनीत भावोजींनी बॉक्स उघडला, घड्याळ घातलं, हात वर करून सगळ्यांना दाखवलं. मस्त आहे म्हणाले. टाळ्या. आत्यासुद्धा म्हणाली, बरं आहे हो.
जेवताना भावोजी ताट घेऊन माझ्या शेजारी आले. हळूच म्हणाले, काय रे, दहापैकी चारच? गुलाबजाम माझ्या तोंडात होता. तो व्हिडिओ त्यांच्या ऑफिसच्या ग्रुपवर आठवडाभर फिरतोय. मी म्हटलं, तो पीस वेगळा होता. ते म्हणाले, वाक्य भारी होतं. पण काढून टाक, माझी आई हसणार नाही. आणि माझ्या ताटात अजून एक गुलाबजाम ठेवला.
माणूस चांगला आहे. त्याचाच जास्त त्रास होतोय.
ठराव: घरी गेल्या गेल्या डिलीट.

१ डिसेंबर
काल दमून झोप लागली.
सकाळी बाबा मोबाईल घेऊन माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, तुझं ते चॅनेल लावून दे, काल सगळे विचारत होते पोरगा काय करतो, मला नीट सांगता आलं नाही. नेट नाही म्हटलं. म्हणाले, कालच रिचार्ज मारलाय. लावून दिलं. सगळ्यात वर तोच व्हिडिओ. मी पाणी प्यायला उठलो, तर म्हणाले, बस, कळलं नाही तर विचारीन.
शेवटपर्यंत बघितला. समजूतवालं वाक्य आलं तेव्हा चष्मा वर केला, परत खाली घेतला. संपल्यावर विचारलं, मग दहापैकी दहावालं केवढ्याला असतं?
मी सांगितलं.
बाबांनी मोबाईल बंद करून खिशात टाकला. मग म्हणाले, एवढ्याशा पैशात चार आले म्हणजे बरेच आले रे.
आणि आईला सांगायला आत गेले, सुदेशने स्वस्तात चांगलं आणलंय.