शेपटीतली तार

सोमवार, ३ जून

शेपटीत लॉक वायर नाही.

सिंगापूरमधल्या सेलेटारच्या आमच्या हँगरमध्ये दोन वर्षं उभं असलेलं ते जुनं चार आसनी विमान गुरुवारी पहिल्यांदा उडायचं होतं. पंखांचं कापड नवं केलं, खडबडीत जमिनीसाठी मोठे टायर बसवले, मागचं दार स्ट्रेचर जाईल एवढं रुंद केलं. बोर्निओच्या डोंगरातल्या एका दवाखान्याचं विमान आहे. राहिलं होतं फक्त शेपटीखालचं चाक. त्यासाठी पॅनेल उघडलं, आरसा आत घातला — केबल ताणून धरणारा टर्नबकल उघडाच. त्याला फिरू न देणारी तार घातलेलीच नाही. हादऱ्यांनी तो हळूहळू सैल झाला असता, आणि मग विमानाचं नाक वर-खाली करणं वैमानिकाच्या हातात राहिलं नसतं.

विमानाच्या वहीत त्या कामाची नोंद १२ मार्चची. अक्षर मनोहरकाकांचं, आमच्या सगळ्यात जुन्या मेकॅनिकचं.

काकांना जाऊन पाच आठवडे झाले.

मंगळवार, ४ जून

तार घातली. दहा मिनिटांचं काम. मिस्टर तेओ, आमचे मॅनेजर, बघत उभे होते. म्हणाले, "फिक्स ऑलरेडी, व्हॉट. अंकल सो सिक दॅट टाइम. राइट फॉर व्हॉट?" म्हणजे, दुरुस्त झालंय, काका तेव्हा इतके आजारी, मग लिहायचं कशाला.

राहून गेलेलं काम सापडलं तर रिपोर्ट लिहायचा, कुणाच्या हातून राहिलं त्याच्या नावासकट. हे मला काकांनीच शिकवलं. माझ्या पहिल्या वर्षी एक स्क्रू ड्रायव्हर मोजणीत कमी भरला. काकांनी बंद केलेला पंख पुन्हा उघडायला लावला. संध्याकाळी तो माझ्याच पर्समध्ये निघाला. "अनुजाबाई, पुढच्या वेळी आधी पर्स उघडू. विमानापेक्षा मोठी दिसते," एवढंच म्हणाले.

अशा केबलला दोन सह्या लागतात. एक काम करणाऱ्याची, दुसरी स्वतः बघून तपासणाऱ्याची. दोन्ही जॉब कार्डावर असतात. कार्डांची फाईल ऑडिटला गेलीय, सोमवारी परत येईल. दुसरी सही माझी असेल का? मार्चमध्ये मी चाळीसेक कार्डं तपासली. आठवत नाही. पण मी न बघता सही करत नाही. कधीच नाही.

गुरुवार, ६ जून

उड्डाण पुढे ढकललं. रिपोर्ट लिहायला बसले आणि उठले. दोनदा.

शनिवार, ८ जून

सेम्बावांगला सुलभाकाकूंकडे गेले. त्यांना कुणा परक्याकडून कळू नये म्हणून. की मला कुणीतरी 'लिहू नकोस' म्हणावं म्हणून?

काकूंनी चहा ठेवता ठेवता विचारलं, "उडालं का गं? फोटो आणलास?" काकांच्या फोटोशेजारी तो लावायला त्यांनी खिळा ठोकून ठेवलाय.

सांगितलं.

गॅस बंद करून त्या बसल्या. "शेवटी यांना शर्टाची बटणं लावता येत नव्हती. औषधांनी बोटं बधिर झालेली. मी लावून द्यायचे, मग हे कामावर जायचे. तुला माहीत नव्हतं?"

माहीत होतं.

"चाळीस वर्षांत यांच्या कामाला कुणी नावं ठेवली नाहीत, अनुजा. आणि आता तू ठेवणार? ते उत्तर द्यायलाही नाहीत."

मी म्हणाले, काका असते तर त्यांनी स्वतःच लिहिलं असतं. हे बोलायला नको होतं. खरं असलं तरी नको होतं.

दर वेळी निघताना डबा देतात. आज दार लावून घेतलं.

रविवार, ९ जून

रिपोर्ट पाठवला. 'काम ज्यांच्या हातून राहिलं' या रकान्यात काकांचं पूर्ण नाव. कंसात 'दिवंगत' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

हा खरेपणा आहे की ताठा, ते ठरवता येत नाही. पाठवल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं.

सोमवार, १० जून

फाईल आली.

काकांची सही फक्त 'ताण' या ओळीपुढे आहे. 'तार' या ओळीपुढे सही नाही. तिथे पेन्सिलीने, थरथरत्या अक्षरात, मराठीत — "अनुजा, तार तू घाल. बोटांना कळत नाही."

त्याच्याच खाली, 'तपासलं' पुढे, माझी सही. निळ्या शाईत, ठसठशीत. त्या सहीवर विश्वास ठेवून त्यांनी दुसऱ्या दिवशी वहीत नोंद केली असणार.

रिपोर्टातलं नाव बदललं. सेम्बावांगला कोणत्या तोंडाने जाऊ?

ती दुपार आता लख्ख आठवतेय. कार्ड पुढे करून म्हणाले होते, "नीट वाच हं."

आजारी माणसाला आपण त्यांचं काम तपासतोय असं वाटू नये म्हणून मी हसून सही केली होती. "तुमच्या कामात काय बघायचं, काका?"