आईची कोटाकडची फेरी

॥ श्री ॥
अड्यार, मद्रास
१४ फेब्रुवारी १९८७

चि. सेतुमाधवास कृष्णवेणीअक्काचे अनेक आशीर्वाद.

आईचं पत्र पावलं. रोज संध्याकाळी किनाऱ्यावरच्या जुन्या कोटापर्यंत जाते, समुद्राकडच्या भिंतीवर बसते, असं त्यात आहे. अक्षर तुझ्या अंबुजाचं. आईचा हात कापतो म्हणे. पण ह्यांच्या गिंडीच्या कारखान्यातले अप्पाजी परवाच आपल्या गावाहून आले. कासवं अंडी घालायला येतात म्हणून वनखात्यानं पोंगलपासून कोटाभोवतीचा किनारा तारा लावून बंद केलाय, कुणालाही सोडत नाहीत, असं ते म्हणाले. मग आई कुठल्या भिंतीवर बसते? खरं ते लिही. बायकोला विचारून नको, स्वतःच्या बुद्धीनं.

माझा लोभ आहेच, तो टिकेल असं वाग.
तुझी अक्का

पवळंपट्टिनम
१९ फेब्रुवारी

ती. अक्कास सेतुमाधवाचा सा. नमस्कार.

मी इथल्या शाळेत पंधरा वर्षं शिकवतो, पण कोटाची माहिती अप्पाजींनाच जास्त असणार! पहारेकरी आईला ओळखतो, तो आत सोडतो. तिची तब्येत उत्तम आहे. कालच सांबारात चिंच कमी पडली म्हणून अंबुजाला बोलली. मुलांच्या परीक्षा जवळ आल्या असतील, तेव्हा तू येण्याची घाई करू नकोस.

आशीर्वाद असू द्यावेत.
सेतू

अड्यार
२३ फेब्रुवारी

चि. सेतुमाधवास आशीर्वाद.

मी येते असं लिहिलंच नव्हतं, मग येऊ नकोस असं का लिहिलंस? आई आहे ना रे? हे मला हसतात, हसू देत. रविवारी सकाळच्या बसनं निघते.

अक्का

पवळंपट्टिनम
२६ फेब्रुवारी

चि. सौ. कृष्णवेणीस आईचे आशीर्वाद.

लिहिते अंबुजा, सांगते मी. सेतूवर रागावू नकोस. खोटं माझं आहे. दिवाळीपासून मला दिसत नाही. आधी दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची, मग बाजूचं दिसेनासं झालं. आता नुसता उजेड कळतो. तुला कळलं तर तू अड्यारला नेशील आणि मी तिसऱ्या मजल्यावर खुर्चीत बसून राहीन, या भीतीनं सेतूला शपथ घातली. इथे विहीर किती पावलांवर ते पायांना ठाऊक आहे. लाटा कोटावर आपटतात, त्यावरून भरती की ओहोटी ते अंथरुणातून सांगते. फेरीचं लिहिलं ते सगळं आठवणीतलं. कासवांचं मला कुणी सांगितलंच नाही, नाहीतर सापडले नसते.

ये. डॉक्टरांकडेही येईन. पण परत आणून सोडशील असा शब्द दे.

तुझी आई

अड्यार
११ मार्च

चि. सेतुमाधवास आशीर्वाद.

काल डॉक्टरांनी आईला तपासलं. काचबिंदू. गेलेली दृष्टी परत येत नाही. दिवाळीत आणलं असतं तर डावा डोळा वाचला असता, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मला ओरडावंसं वाटलं, तुझ्यावर आणि तिच्यावरही. बाहेर आले तर आई हात पुढे करून बसली होती. काय म्हणाले, तिनं विचारलं. मी सांगितलं, वयाचंच आहे, कधीही आणलं असतं तरी असंच झालं असतं. रिक्षात बसल्यावरही तिनं दोनदा तेच विचारलं, आणि दोन्ही वेळा कान माझ्याकडे केला.

शनिवारी तिला घेऊन येते. तिथे ती तुलाही विचारेल. तू हेच सांग, आणि सांगताना आवाज सांभाळ. तुला खोटं जमत नाही.

राग ओसरला की लोभ उरेलच.
अक्का